दोघांची नाव

मुनीर,

काल दुकानात एक म्हातारं गिऱ्हाईक खिळे तोलून होईपर्यंत बाकावर टेकलं. टेकलं आणि तसंच राहिलं. मान जराशी पुढं, हात मांडीवर. मी तराजू सोडून ओरडलो, "बाबा! ओ बाबा!" म्हातारा दचकला. "काय झालं, शेट?" म्हणाला. काही नाही म्हणून मी पाण्याचा तांब्या पुढं केला. दीड महिना माझं असंच चाललंय. बसलेला माणूस हलला नाही की मी हाक मारतो. बायको सकाळी पूजेला डोळे मिटून बसते. तिलाही मी दोनदा हाक मारली. तिसऱ्या वेळी माझं तोंड उघडायच्या आतच ती डोळे मिटूनच म्हणाली, "हाय मी."

तुला हे सगळं सांगायला हवं, कारण त्या सकाळी तू माझ्याकडं पाठ करून होतास. काठावर काय घडलं ते तू पाहिलं नाहीस.

दिंद्रुडातल्या शाळेत आपण एका बाकावर होतो. पुढं तू स्टँडमागं मोटारसायकलींचं गॅरेज टाकलंस, मी वडिलांच्या हार्डवेअरच्या दुकानात बसलो. तू मासे धरायला माजलगावच्या धरणावर जायचास आणि मी उगाच तुझ्याबरोबर यायचो. आमच्या लिंगायताच्या घरात अंडंसुद्धा कधी आलं नाही. एकदा तू गळाची काठी माझ्या हातात देऊन झाडाआड गेलास आणि नेमका त्याच वेळी तिला हिसका बसला. तो हिसका मनगटातून खांद्यापर्यंत गेला, आणि मी बिघडलो तो तिथंच. मी मासे धरायला लागलो. धरायचो आणि सोडून द्यायचो. ते तुला कधीच पटलं नाही.

"कावून तरास देतो बे त्याला? खा, न्हाईतर धरू नको."

मी तरी सोडतच राहिलो. तू माझं पाप तुझ्या पद्धतीनं मोजायचास. एखादा रोहू काठावर ओढलास की त्याचा ओठ बघून म्हणायचास, "ह्यो तुझा हाय, अप्पा. तू टोचून सोडलेला." अप्पा हे नावही तूच सातवीत पाडलेलं, मला मिसरूडही फुटलं नव्हतं तेव्हा.

मग आली पिवळी. कुठल्याशा तलावावरचं बोटिंग बंद पडलं आणि तिथल्या कयाक विकायला निघाल्या. कयाक म्हणजे लांबट प्लास्टिकची होडी, वर बसायला एक खळगा आणि हातात दोन्ही टोकांना पातं असलेलं वल्हं. आपल्या दोघांना दोन नावा झेपणार नव्हत्या, म्हणून आपण अर्धी अर्धी एकच घेतली. एकाच माणसाची. तू तिला गॅरेजात नेऊन पाईपचे तुकडे कापून काठ्या उभ्या करायला जागा केलीस, मागं दुधाचा क्रेट बांधलास, आणि बसणाऱ्याची पाठ दुखते म्हणून मोटारसायकलच्या जुन्या सीटचा फोम कापून चांगला उंच टेकू शिवलास. तो टेकू मी विसरू शकत नाही. त्याच्याकडं पुढं येतो.

एकाच माणसाची नाव असल्यामुळं आपण सात वर्षं बरोबर मासेमारी केली आणि पाण्यावर एकदाही बरोबर नव्हतो. एक जण आत, दुसरा काठावर. काठावरच्यानं नाव ढकलून द्यायची, चहाचा थर्मास सांभाळायचा, वारा सुटला तर हाक मारायची. मी आत निघालो की तू दर वेळी सांगायचास, "लिंग शर्टाच्या आत घाल, गळ आडकंल." माझ्या गळ्यातल्या लिंगाची आठवण मला घरात कुणी करून दिली नसेल इतक्या वेळा तू दिलीस.

नाव बदलायचं तू तिसऱ्या वर्षापासून म्हणायला लागलास. म्हणणं साधं होतं. धरणाचं पाणी दुपारच्या वाऱ्याला उसळतं, पिवळी अरुंद आहे, लाट बाजूनं आली की डुचमळते. आपण ज्या कोपऱ्यात घाबरत घाबरत जायचो तिथं आता डोळे मिटून जातो आणि जिथं जावंसं वाटतं तिथं ती नेत नाही. पाण्याखाली बुडालेल्या बाभळींच्या खुंटांनी तिचं बूड घासून पातळ झालंय, एका जागी तर तू तीनदा प्लास्टिक वितळवून ठिगळ लावलंस.

"त्याच जागी तिसऱ्यांदा हात लावायची येळ आली की मशीन बदलायचं, अप्पा. ह्यो गॅरेजचा कायदा हाय."

"अजून हिला पुरतं चालवता कुठं येतंय आपल्याला? हिच्यावर नीट शिकू. बूड फुटलं की बदलू."

"बूड फुटायची वाट बघत्यात का बे कुणी?"

हा वाद आपण तुझ्या टेम्पोत घातला, गॅरेजात घातला, तुझ्या थोरलीच्या लग्नाच्या मांडवात घातला. तू म्हणायचास, पहिली नाव शिकण्यापुरती असते, शिकून झाल्यावरही तिच्यातच बसून राहिलं तर माणूस बारीक होतो. मी म्हणायचो, घाई काय आहे. मला वाटायचं आपण नावेबद्दलच बोलतोय. तू मात्र दर वेळी पुढचं वाक्य टाकायचास, "आन् घेतली तर दोघांची घेऊ, पुढं मी, मागं तू," आणि मी दर वेळी विषय बदलायचो.

शेवटच्या दोन-तीन महिन्यांत तू वल्हवून आलास की डावा खांदा चोळायचास. मी हसलो होतो. "वय झालं, मिस्त्री." तूही हसलास. म्हणालास, दोन वल्ही असती तर निम्मंच काम. ते वाक्य मी आता रोज ऐकतो. त्यात तू काय सांगत होतास, की काहीच सांगत नव्हतास, हे मला कुणी सांगू शकत नाही.

त्या रविवारी टेम्पो धरणाकडं वळला तेव्हा तू फोन काढून मला फोटो दाखवलास. दोन बैठकांची, रुंद, हिरवी. पुण्याचा एक माणूस विकत होता.

"आज सांग. हो का न्हाई."

"एक वर्ष थांबू, मुनीर."

"तुझं एक वरीस चार वर्सं झालं." तू फोन खिशात घातलास. गिअर बदललास आणि आवाज न चढवता म्हणालास, "तुला नाव नको असं न्हाई, अप्पा. तुला माझ्यासंगं दिसायचं न्हाई."

मी तोंड खिडकीकडं फिरवलं. हे तुला आठवत असेल, जर तिकडं काही आठवत असेल तर. धरण येईपर्यंत ते तिकडंच होतं.

खरं होतं का ते? इतके दिवस मी स्वतःशीच हे उलटंपालटं करतोय. घरी मी सांगितलं होतं की रविवारी धरणावर पक्षी बघायला जातो. गळ्यात दुर्बीण अडकवून निघायचो. आमचे दादा, माझे वडील, मठाच्या पंचांत. दुकानात येणारी निम्मी माणसं नात्यातली. काठावर दुर्बीण घेऊन बसलेला अप्पा चालला असता. पाण्याच्या मधोमध, हातात गळ घेऊन, मुनीर मिस्त्रीच्या मागं बसलेला अप्पा दिसला असता तर चार तोंडांनी चार गोष्टी झाल्या असत्या. तर हो, अर्धं खरं होतं. उरलेलं अर्धं असं, की पिवळीत मी एकटा असायचो. दुकान नाही, गिऱ्हाईक नाही, दादा नाहीत. ती एकट्याची जागा मला सोडवत नव्हती. हे तरी मी तुला सांगू शकलो असतो. तू शिवी घालून हसला असतास.

काठावर पोचल्यावर पहिली पाळी तुझी होती. नेहमी मी ढकलायचो. त्या दिवशी तू थांबला नाहीस, वल्हं चिखलात रोवून स्वतःच नाव सोडलीस. मी थर्मास उघडला आणि पाण्याकडं पाठ करून चहा प्यालो. एवढा मोठा माणूस मी, पन्नाशीला आलेला, मुद्दाम पाठ करून बसलो.

वळून बघितलं तेव्हा तू बाभळींच्या खुंटांच्या अलीकडं, हाकेच्या अंतरावर होतास. पाठ माझ्याकडं. टोपी डोक्यावर, नारिंगी लाइफ जॅकेट अंगात, काठी पाईपात उभी. गळाला लागायची वाट बघत बसलेला माणूस जसा बसतो तसा. एरवी मी शीळ घातली असती. तू वल्हं वर करून दाखवलं असतंस, लागलं म्हणजे उभं, नाही म्हणजे आडवं. मी शीळ घातली नाही. मनात म्हटलं, आधी त्यानं हाक मारावी. मला बोलला तो, मी नाही.

नाव हळूहळू फिरत होती, मुनीर. हे मी पाहिलं. तू कधी नाव फिरू द्यायचा नाहीस, वाऱ्यानं नाक वळलं की लगेच एक फटका मारून सरळ करायचास. त्या दिवशी ती आडवी झाली, तुझी कूस दिसली, मग पुन्हा पाठ. मी बघत होतो. आणि मला वाटलं, रुसलाय. तोंड दाखवायचं नाही म्हणून वल्हं मारत नाही.

किती वेळ गेला ते मला माहीत नाही. उन्हानं थर्मासचं झाकण तापलं होतं, एवढं आठवतं.

मग खुंटांपलीकडून थर्माकोलच्या तराफ्यावर एक म्हातारा भोई जाळी उचलत आला. तुझ्या जवळून गेला, थांबला, परत वळला. त्यानं तुझ्या खांद्याला हात लावला आणि तिथूनच ओरडला, "ओ शेट! तुमचा माणूस हालंना की!"

मी पाण्यात शिरलो. छातीपर्यंत गेलो आणि पाय टेकेनासे झाले. मला पोहता येत नाही हे तुझ्याशिवाय कुणाला माहीत होतं? दुसरी नाव नव्हती. नाव एकच होती आणि तिच्यात तू होतास. म्हाताऱ्यानं पिवळीला दोर बांधला आणि तराफा हातांनी वल्हवत तुला ओढून आणायला लागला, आणि मी छातीभर पाण्यात उभा राहून तू येताना बघत होतो. ताठ बसून. तू शिवलेल्या त्या टेकूनं तुला बसतं ठेवलं होतं. तो टेकू नसता तर तू कलला असतास, आणि मी बघितलं असतं.

अजून एक सांगायचं राहिलं. म्हाताऱ्यानं तुझ्या काठीचा दोरा कापला, कारण तो ताणलेला होता. मरळ मासा लागला होता, म्हातारा म्हणाला. चांगला मोठा. नाव वाऱ्यानं फिरत नव्हती, मासा फिरवत होता तिला. गळाची एक तरी हालचाल तुझ्या नजरेतून कधी सुटली होती का? आणि मी काठावरून ते सगळं रुसव्याच्या खात्यात टाकलं.

माजलगावच्या डॉक्टरांनी तुझं मनगट सोडून दिलं आणि म्हणाले, हृदय, एका क्षणात गेले असतील. मी विचारलं, कधी? ते म्हणाले, "आता कधीला काय अर्थ?" मला होता. मी अजून तेच विचारतोय.

दफनाच्या दिवशी तुला खांदा दिला, तीन मुठी माती दिली. रुखसानाभाभींनी दारातून विचारलं, "अप्पाभाई, शेवटी काय बोलले ते?"

मी म्हणालो, "आज मरळ आणतो म्हणाला."

किती पटकन खोटं सुचतं माणसाला.

चाळिसाव्याला फातेहा झाला, माणसं जेवून पांगली. भाभी तुझ्या गॅरेजाच्या किल्ल्या घेऊन ओसरीत बसल्या होत्या. मी जाणार होतो. पण बूट घालायला वाकलो आणि उठताच येईना. तसाच खाली बसून मी त्यांना सगळं सांगितलं. टेम्पोतलं तुझं वाक्य, माझी पाठ, फिरणारी नाव, हाक न मारलेली. त्या जुडग्यातली एकेक किल्ली मागं सरकवत ऐकत होत्या.

मग म्हणाल्या, "ते वाक्य नवं न्हाई, अप्पाभाई. घरी बी म्हणायचे. अप्पा माझ्यासंगं दिसायला लाजतो, म्हणायचे. मी म्हणलं, मग जाता कावून त्याच्यासंगं? तर म्हणले, लाजतो पण दर इतवारला येतो. न लाजणारे लई हायेत, येत कोण न्हाई."

मला वाटलं, सुटलो. डोळे भरून आले. त्यांनी किल्ल्या ओट्यावर ठेवल्या आणि माझ्याकडं बघितलं.

"पर हाक मारायची व्हती," त्या म्हणाल्या. "वाचले असते का न्हाई, अल्ला जाणे. पर आवाज गेला असता ना कानात. तुमचा तरी."

त्या रागावल्या नव्हत्या. त्यामुळंच ते जास्त लागलं. मी मान हलवली आणि उठलो.

दुसऱ्या दिवशी पुण्याच्या त्या माणसाला फोन केला. हिरवी अजून होती. मी भाभींना सांगून, त्यांच्या होकारानं पिवळी त्या तराफेवाल्या भोयाला दिली. तो तिच्यात जाळी भरून नेतो, आणि मला विचारशील तर तिला शोभतं ते काम. तिचं शिकवून झालं होतं. तुझ्या हिशोबानं चार वर्षांपूर्वीच.

हिरवी थेट धरणावर उतरवून घेतली. मी मागच्या बैठकीत बसलो, कारण पुढची तू मागून ठेवली होतीस. पोहता येत नाही म्हणून जॅकेट दोनदा आवळलं. काठापासून सुटलो आणि नावेनं नाक वर काढलं. पुढं वजन नाही ना. दोघांची नाव एकट्यानं मागून वल्हवली की पुढचा भाग पाण्यातून उचलतो आणि जरा वारा लागला की भिरभिरतो. मी उजवीकडं मारलं, ती डावीकडं गेली. डावीकडं मारलं, ती गोल फिरून काठाकडं तोंड करून उभी राहिली. भोई तराफ्यावरून म्हणाला, "शेट, पुढं वाळूचं पोतं ठिवा, सरळ चालंल." बरोबरच होतं त्याचं. पण त्या जागेवर मला पोतं ठेववेना. तासभर मी तसाच गोल फिरलो. गळ टाकला नाही. फिरताना दर वेळी काठ समोर आला की मी तिथं बघत होतो, आणि तिथं कुणी नव्हतं.

मग हिरवी तुझ्याच टेम्पोत घातली. पिवळी आपण ताडपत्रीखाली झाकून तुझ्या गॅरेजात न्यायचो. हिच्यावर ताडपत्री घातली नाही. बाजाराचा दिवस होता, भर उन्हाची वेळ. टेम्पो चौकातून, मठासमोरून आणि आमच्या दुकानावरून हळूहळू नेला आणि घराच्या अंगणात आणून उतरवला.

दादा ओट्यावर बसले होते. त्यांनी चष्मा सारखा केला.

"कुणाची रे?"

"माझी आन् मुनीरची. मासे धरायची."

"आन् ती पिवळी?"

"तुमाला काय ठाऊक पिवळीचं?"

"टेम्पोतल्या ताडपत्रीखालनं तिचं पिवळं टोक दिसायचं. सात वर्सं दर रविवारी तुझ्या कापडाला मासळीचा वास येतो. पक्षी बघून येतो व्हय वास?" दादा म्हणाले. "सूनबाई ती कापडं येगळी काढून धुती. मीच तिला म्हणलं, इचारू नको. सांगंल तवा सांगंल."

दारात बायको उभी होती. तिनं खाली बघितलं.

दादा काठी टेकत उठले. नावेभोवती एक फेरी मारली, मागच्या बैठकीपाशी थांबले, पुढच्या बैठकीपाशी थांबले. तिच्यावर हात ठेवून त्यांनी विचारलं, "त्यो हितं बसणार व्हता?"

"हां."

चाळीस वर्षं आपली ओळख, मुनीर. आणि चाळीस वर्षं मी तुला गल्लीच्या कोपऱ्यावरच थांबवलं. तू कधी कावून म्हणून विचारलं नाहीस.

दादांनी हात काढला नाही.

"एकदा घरी आणायचं व्हतं त्याला," ते म्हणाले. "च्याला."